गोंयचो सायब: जुन्या गोव्यातील एका समाधिस्थळाचा इतिहास

जुन्या गोव्यातील बॉम जेझूस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव अवशेष जतन करून ठेवलेले आहेत. धर्मप्रसारक, विजरई, युरोपातील राजघराणी आणि पोर्तुगीज शासन या सर्वांनी आपापल्या हेतूने या समाधीशी नाते जोडले. त्या साऱ्या सत्ता लयाला गेल्यावरही स्थळाचे माहात्म्य उणावले नाही, याचे कारण गोव्यातील सामान्य माणसाने या संताला आपलेसे केले, हे या इतिहासाच्या प्रत्येक टप्प्यावर दिसून येते.

नवार प्रांतात १५०६ साली जन्मलेले झेवियर हे येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट या धर्मसंघाच्या, संस्थापकांपैकी एक होते. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले आणि पुढील दहा वर्षे त्यांनी दक्षिण भारताचा किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि जपान येथे धर्मप्रसार केला. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मनिष्ठेची चौकशी करणारे न्यायपीठ, स्थापावे अशी विनंती त्यांनीच १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला केली होती. ते न्यायपीठ त्यांच्या निधनानंतर, १५६० साली, अस्तित्वात आले आणि त्याचे चटके गोव्याने अडीच शतके सोसले. संताच्या गौरवाबरोबर ही नोंदही इतिहासात ठेवलीच पाहिजे.

चीनमध्ये प्रवेश मिळण्याची वाट पाहत असताना ३ डिसेंबर १५५२ रोजी सांशियान बेटावर त्यांचे निधन झाले. देह लवकर विघटित होऊन अस्थी नेता याव्यात म्हणून शवपेटीत चुना भरण्यात आला होता. परंतु काही आठवड्यांनी पेटी उघडली तेव्हा देह न कुजल्याचे आढळले, असे समकालीन वृत्तांत सांगतात. तो प्रथम मलाक्काला आणि तेथून मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणण्यात आला व सेंट पॉल महाविद्यालयात ठेवण्यात आला. १६१४ साली उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग रोमला पाठवला गेला, १६२२ साली झेवियर यांना संतपद मिळाले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी देह बॉम जेझूसमध्ये विसावला.

या चर्चची पायाभरणी १५९४ साली झाली आणि १६०५ साली आर्चबिशप मेनेझिस यांच्या हस्ते त्याचे अभिषेचन झाले. बांधकामाचा मुख्य दगड गोव्याचा जांभा आहे. मात्र जांभ्यात बारीक नक्षी उतरत नसल्याने दर्शनी भागातील स्तंभ व कोरीवकाम यांसाठी काळा बेसॉल्ट वसईहून समुद्रमार्गे आणला गेला. आतील चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्या सोनारांनी घडवली असून तिच्यावरील ३२ पत्र्यांत संताच्या जीवनातील प्रसंग कोरलेले आहेत. मांडणी इटालियन वळणाची असली तरी पत्र्यांवरील घडाई आणि भरगच्च सजावट येथल्या कारागिरीची आहे. पेटीखालचा संगमरवरी चौथरा ही टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांची भेट होय. शिल्पकार फोज्जिनी यांनी फ्लॉरेन्समध्ये घडवलेले त्याचे भाग जहाजाने आणून १६९८ साली येथे जोडण्यात आले.

राजसत्तेने या समाधीचा आश्रय किती उघडपणे घेतला, हे १६८३ सालच्या घटनेवरून कळते. छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने नोव्हेंबरमध्ये जुवे बेटावरील किल्ला जिंकला तेव्हा राजधानी पडण्याच्या बेतात होती. त्या संकटात विजरई कोंद दि आल्व्होर याने समाधीपाशी जाऊन आपला अधिकारदंड संताच्या हाती ठेवला आणि राज्याच्या रक्षणाची याचना केली. मोगल शहजादा शाहआलम मोठ्या सैन्यानिशी कोकणात उतरत असल्याने मराठ्यांना माघार घ्यावी लागली. पोर्तुगिजांनी मात्र सुटकेचे श्रेय संताला दिले आणि नव्या विजरईने समाधीपाशी अधिकारदंड स्वीकारण्याची प्रथा रूढ झाली.

पुढे याच राज्यसत्तेने १७५९ साली जेझुइटांना आपल्या प्रदेशांतून हद्दपार केले. जाताना त्यांनी मूळ देह नेला अशी वदंता पसरली आणि ती खोडून काढण्यासाठी फेब्रुवारी १७८२ मध्ये देह तीन दिवस लोकांसमोर ठेवण्यात आला. आज दर दहा वर्षांनी होणाऱ्या शवप्रदर्शन सोहळ्याची मुळे अशी लोकांच्या शंकेत आहेत. साथीच्या रोगांनी ओस पडलेल्या शहरातून राजधानीही १८४३ साली अधिकृतपणे पणजीला गेली, पण यात्रेकरूंची वाट मोडली नाही.

१९४६ साली पोपने या चर्चला बॅसिलिका हा विशेष दर्जा दिला, १९६१ साली पोर्तुगीज राजवट संपली आणि १९६४ साली स्वतंत्र भारतातील पहिले शवप्रदर्शन झाले. ज्या संताच्या हाती विजरईने दंड दिला, त्याचा दरबार त्या राजवटीनंतरही भरत राहिला. ३ डिसेंबरच्या फेस्ताआधी नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना चालतात, कोकणी बोलणारा भाविक संताला ‘गोंयचो सायब’ म्हणतो आणि नवस फेडणाऱ्यांत हिंदू कुटुंबेही असतात.

ही श्रद्धा अभंग असली तरी वास्तूची स्थिती तशी नाही. प्राचीन रूप उघडे करावे या हेतूने १९५० च्या दशकात बाहेरील भिंतींचा चुन्याचा गिलावा काढण्यात आला आणि तेव्हापासून सच्छिद्र जांभा दर पावसाळ्यात पाणी शोषून झिजतो आहे. गिलावा हा जांभ्याच्या बांधकामाचा संरक्षक भाग होता, हे त्या वेळी लक्षात घेतले गेले नाही. १९८६ पासून ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत आहे; तो मान सार्थ ठरवायचा तर तिचे मूळ चुन्याचे आवरण तिला परत देणे हेच या वारशाच्या वारसदारांचे पहिले कर्तव्य ठरते.