अर्धा गुण

परवा बडनेऱ्याच्या घराचा माळा आवरताना चाचणी परीक्षेच्या पेपरांचा एक गठ्ठा सापडला. १९९८ सालचा. तेव्हा मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचो.

प्रश्न नेहमीचाच होता : आपल्या पेशीतला संदेशवाहक आरएनए आणि जीवाणूंचा आरएनए यांतला फरक सांगा. एका मुलीने लिहिलं होतं, "जीवाणूंच्या आरएनएवर टोपी अजून सापडलेली नाही." मी लाल शाईने "अजून सापडलेली नाही" खोडून वर "नसते" लिहिलं आणि अर्धा गुण कापला. ती टेबलापाशी आली. "काहून सर? सगळे जीवाणू पाह्यले काय कोनी?" वर्ग हसला. मी म्हटलं, "पुस्तकात तसंच आहे. बस खाली."

ही टोपी म्हणजे काय? बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लॅस्टिकची नळी असते ना, तसं काहीसं. ती निघाली की नाडी उसवते. आरएनएच्या पुढच्या टोकाला असा एक रासायनिक गट बसला की त्याला खाणारी विकरं लवकर पोचत नाहीत. १९७५ साली न्यू जर्सीत शॅटकिन, फुरुइची आणि आपल्याकडचे मुथुकृष्णन यांच्या गटाने तिची रचना मांडली. जीवाणूंच्या टोकाला मात्र नुसते तीन फॉस्फेट. त्यांचा आरएनए बहुतेक वेळा काही मिनिटांचाच सोबती, त्याला टोपी कशाला, असं सगळ्यांनी धरून चाललं. मीही त्यातलाच.

२००८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या बेलास्को यांच्या गटाने दाखवलं, की आरपीपीएच नावाचं विकर त्या तीनांतले दोन फॉस्फेट काढतं आणि मग आरएनएचा फडशा पडतो. म्हणजे टोक महत्त्वाचं होतंच! पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये डेव्हिड लिऊ यांच्या प्रयोगशाळेत ई. कोलायच्या आरएनएला चक्क एनएडी जोडलेलं सापडलं. २०१५ साली हायडलबर्गच्या येश्के यांच्या गटाने ते कोणत्या आरएनएवर आहे ते शोधलं. त्यात लहान नियामक आरएनए बरेच निघाले. ही टोपी असली की आरपीपीएचला सहज हात घालता येत नाही. ती काढायला नड-सी नावाचं वेगळंच विकर लागतं. आणि २०१६ साली कळलं, की आरएनए लिहिणारं विकरच पहिल्या अक्षराच्या जागी एनएडी ठेवून सुरुवात करतं. आपल्याकडे टोपी नंतर चढवतात. इथे बाळ टोपी घालूनच जन्माला येतं!

गंमत म्हणजे एनएडीचा पहिला माग हार्डन आणि यंग यांना १९०६ सालीच यीस्टच्या रसात लागला होता. ते बनायला नायासिन लागतं. नायासिनच्या कमतरतेने पेलाग्रा होतो, आणि ज्वारी खाणाऱ्या गरिबांतल्या पेलाग्रावर हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली लिहिलं होतं. म्हणजे आम्हा वऱ्हाडी भाकरीवाल्यांना हा रेणू तसा परका नव्हता. फक्त तो टोपी होऊन बसला असेल, असं कुणी पाहिलंच नव्हतं. आणि गोष्ट इथेही संपत नाही. २०१७ साली दिसलं, की माणसाच्या पेशीत हीच टोपी आरएनएला वाचवत नाही, उलट लवकर संपवते.

तेव्हा "नसते" आणि "सापडलेली नाही" यांत अर्ध्या गुणाचं नाही, अख्ख्या विज्ञानाचं अंतर आहे. ते त्या पोरीला कळलं होतं. मला कळलं नव्हतं, आणि वरून मी वर्गाला हसू दिलं. तिने पुढे कधी प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. हेच जास्त टोचतं.

काल पेन्सिलीने तो अर्धा गुण वाढवून ठेवला. ती आता कुठे असते, ठाऊक नाही. त्या वर्गातलं कुणी हे वाचत असेल तर तिला निरोप द्या : बाई, तुझं बरोबर होतं.

असो.