तारमास्तरीण हेलन

मूकपटांच्या इतिहासांत 'द हॅझर्ड्‌स ऑफ हेलन' या अमेरिकन चित्रमालेची गणना साहसपटांत होते. आमच्या मतें हें वर्गीकरण अपुरें आहे. केलेम कंपनीची ही माला नोव्हेंबर १९१४ पासून फेब्रुवारी १९१७ पर्यंत चालली. तिचे ११९ भाग निघाले; प्रत्येक भाग एका रिळाचा व स्वतंत्र कथानकाचा. त्यांतील बहुतेक आज नष्ट झाले असून उरल्या थोड्यांवरूनच मालेची पारख करणें भाग आहे.

नायिका हेलन ही आगगाडीच्या लहानशा स्टेशनांतील तारमास्तरीण. भोंवतालचे ड्रायव्हर, फायरमन, वरिष्ठ, फार काय, चोरदेखील बहुधा पुरुष! कल्पना मात्र अगदींच हवेंतली नव्हती. सारा बॅग्ली या गिरणीकामगार स्त्रीनें १८४६ सालींच लोवेल येथें तारयंत्र हातीं घेतलें होतें.

'दि एस्केप ऑन द फास्ट फ्रेट' (१९१५) हा तेरावा भाग सुदैवानें शिल्लक आहे. हेलनच्या ताब्यांतील पैसे चोरीस जातात आणि तिला कामावरून काढण्यांत येतें. ती चोरांचा पाठलाग करते, धांवत्या मालगाडीवर चढून झुंज देते, नदींत पडते. पैसे मिळतात व नोकरीही. प्रेक्षकांचा श्वास झुंजीच्या वेळीं रोखला जातो हें खरें. पण कथेची गांठ बडतर्फींत आहे. काम चोख केलें कीं पुरुषाची जागा टिकते. हेलनला तेवढ्यासाठीं जीव धोक्यांत घालावा लागतो. आणि भाग स्वतंत्र असल्यामुळें मागची पुण्याई पुढच्या आठवड्यांत जमेस धरली जात नाहीं!

पडद्यामागेंही प्रकार फारसा निराळा नव्हता. मूळ नटी हेलन होम्स व तिचे दिग्दर्शक पति जे. पी. मॅकगोवन १९१५ मध्यें कंपनी सोडून गेले. तिच्या जागीं रोझ गिब्सन ही रोडिओंतील घोडेस्वार स्त्री आली. कंपनीनें तिचेंही नांव हेलनच ठेविलें. स्टेशनच्या छपरावरून चालत्या गाडीच्या टपावर घ्यावयाच्या उडीची तालीम तिनें उभ्या गाडीवर केली होती. प्रत्यक्ष उडी बरोबर पडली, पण गाडीच्या वेगानें ती टपाच्या कडेपर्यंत गडगडत गेली. तेथें हवेच्या झरोक्यास धरून ती लोंबकळली, आणि दृश्य अधिक रंगावें म्हणून तशीच लोंबकळत राहिली! अमेरिकेंतील पहिली व्यावसायिक साहसपटु स्त्री म्हणून तिचा उल्लेख होतो. पुढें १९६० नंतरपर्यंत ती किरकोळ कामें करीत होती. १९७७ सालीं ती वारली, तीही हेलन गिब्सन याच नांवानें.