जतन केलेले जबडे : निसर्गेतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना :

इतिहासलेखनात साधनांचे महत्त्व वादातीत आहे. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि अस्सल कागदपत्रांच्या आधारे इतिहास लिहिला पाहिजे ही जाणीव महाराष्ट्रात दृढ झाली. पुढे दा. ध. कोसंबी यांनी प्राचीन नाण्यांच्या वजनांचा अभ्यास करून, जेथे कागद मिळत नाही तेथे वस्तूही साक्ष देते, हे दाखवून दिले. नाणी, ताम्रपट, शिलालेख व मृद्भांडी यांना आज साधन म्हणून मान्यता आहे. प्राण्यांचे अवशेष मात्र प्राणिशास्त्राचा विषय समजून इतिहासाच्या अभ्यासकांनी बहुधा बाजूला ठेवले. शार्क आणि पाकट यांचे वाळवून जतन केलेले जबडे हे अशाच उपेक्षित साधनांपैकी एक होय. शिकारीची निशाणी किंवा शोभेची वस्तू म्हणून जमविल्या गेलेल्या या जबड्यांनी छापील नोंदींतील चुका दुरुस्त केल्या आहेत. हे कोणत्या परिस्थितीत घडले आणि भारतीय किनाऱ्याच्या संदर्भात त्याचा अर्थ काय, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जबड्याचे साधन म्हणून स्वरूप :

कोकण किनाऱ्यावर मुशी, मोरी या नावांनी ओळखले जाणारे शार्क आणि चपट्या शरीराचे पाकट यांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. मृत्यूनंतर कूर्चा लवकर कुजते; टिकतात ते प्रामुख्याने दात. चार-पाच मीटर लांबीचा मासा मद्यार्कात बुडवून ठेवणे बहुतेक संग्रहालयांना शक्य नसते. त्यामुळे मोठ्या शार्कचा जबडा तेवढा काढून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. मांस खरवडून काढल्यावर जबडा चौकटीवर ताणून वाळवावा लागतो. तसे न केल्यास तो आकसतो व वेडावाकडा होतो.

शार्कच्या जबड्यात दातांच्या ओळी एकामागे एक असतात. पुढचे दात गळून पडतात व मागचे त्यांची जागा घेतात. वरच्या व खालच्या जबड्यातील, तसेच मधल्या व कडेच्या दातांचे आकार भिन्न असतात. शिंपले फोडून खाणाऱ्या काही पाकटांच्या तोंडात तर फरसबंदीसारखे सपाट दात असतात आणि काही जातींत नर व मादी यांचे दातही वेगळे असतात. सुटा दात हा पोथीतून निसटलेल्या पानासारखा असतो. अखंड जबड्यात मात्र पानांचा क्रम शाबूत असतो. संग्राहकाच्या दृष्टीने व अभ्यासकाच्या दृष्टीनेही जबड्याचे मोल या क्रमात आहे.

स्टेनो आणि जिभेचे दगड :

युरोपात खडकांमध्ये सापडणाऱ्या त्रिकोणी, टोकदार वस्तूंना शतकानुशतके 'जिभेचे दगड' म्हटले जाई. ते चंद्रग्रहणाच्या वेळी आकाशातून पडतात असे रोमन ग्रंथकार प्लिनी याने नोंदविले होते. माल्टा बेटावर त्यांचा संबंध संत पॉल यांच्याशी जोडला जाई आणि विषावरील उतारा म्हणून त्यांना मागणी असे. हे दगड म्हणजे शार्कचे दात होत, असे प्रतिपादन फाबिओ कोलोन्ना याने १६१६ मध्ये केले होते. परंतु ते सर्वमान्य झाले नाही.

१६६६ मध्ये इटलीतील लिव्होर्नो बंदराजवळ एक प्रचंड शार्क पकडण्यात आला. टस्कनीचा अधिपती फर्डिनांड दुसरा याच्या आज्ञेने त्याचे डोके फ्लॉरेन्सला आणले गेले व विच्छेदनाचे काम निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे सोपविण्यात आले. १६६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्टेनोने शार्कचे दात आणि जिभेचे दगड यांतील साम्य तपशीलवार मांडले आणि असे दगड ज्या जमिनीत सापडतात ती कधीकाळी पाण्याखाली असली पाहिजे असा युक्तिवाद केला. या विचाराचा विस्तार करीत १६६९ मध्ये त्याने खडकांच्या थरांविषयीचे नियम मांडले. खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा, हे पुरातत्त्वीय उत्खननाचेही मूलतत्त्व आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेल्या या तत्त्वाच्या मागे एका शार्कचे तोंड उभे आहे, ही बाब लक्षणीय आहे.

छापील नोंद आणि प्रत्यक्ष वस्तू :

आल्बर्ट ग्युंथर यांनी ब्रिटिश म्युझियममधील माशांच्या सूचीच्या १८७० मधील खंडात ऑस्ट्रेलियातील पोर्ट फेअरी येथील एका ग्रेट व्हाइट शार्कची लांबी साडेछत्तीस फूट, म्हणजे सुमारे ११ मीटर, अशी दिली. ग्रंथकार अधिकारी व संस्था प्रतिष्ठित असल्याने हा आकडा शंभर वर्षे एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात उतरत राहिला. सुदैवाने त्या शार्कचा जबडा लंडनमध्ये जपून ठेवलेला होता. १९७३ मध्ये जॉन रँडल यांनी त्यावरील दातांचे मोजमाप ज्ञात लांबीच्या शार्कच्या दातांशी ताडून पाहिले, तेव्हा तो मासा सुमारे ५ मीटरच असल्याचे स्पष्ट झाले. साडेसोळाच्या जागी साडेछत्तीस छापले गेले असावे असाही तर्क करण्यात आला. बखरीतील फुगविलेली सैन्यसंख्या हजेरीपटावरून तपासावी, तसाच हा प्रकार होता.

याउलट क्रम हरवल्यास वस्तूही दिशाभूल करते. १८४३ मध्ये लुई अगासी यांनी ज्याला 'मेगालोडॉन' हे नाव दिले त्या नामशेष शार्कच्या जबड्याची प्रतिकृती बॅशफर्ड डीन यांनी १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीसाठी तयार करविली. सुटे दात जवळजवळ एकाच आकाराचे धरून बसविल्यामुळे ती प्रतिकृती सुमारे एकतृतीयांशाने मोठी झाली. जबड्यात उभ्या-बसलेल्या माणसांचे तिचे छायाचित्र मात्र जगभर पसरले आणि लोकमानसातील राक्षसी शार्कची प्रतिमा त्यातून घडली.

मूळ हेतूपलीकडील साक्ष :

साधन ज्या हेतूने निर्माण झाले त्यापेक्षा वेगळ्या प्रश्नाचे उत्तरही ते देते. प्रशांत महासागरातील गिल्बर्ट बेटांवरील लोक लाकडी तलवारी व भाल्यांवर शार्कचे दात बांधत असत. शिकागोच्या फील्ड म्युझियममधील अशा शस्त्रांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शार्कच्या आठ जाती ओळखता आल्या व त्यांपैकी दोन जातींची त्या बेटांच्या परिसरात अन्यत्र कोणतीही नोंद नव्हती. मानववंशशास्त्राच्या संग्रहातून १९व्या शतकातील समुद्राचे चित्र हाती आले ते असे.

खाजगी संग्रहाचेही उदाहरण देता येते. अमेरिकन संग्राहक गॉर्डन हबेल यांनी पेरू देशातील एक जीवाश्म २००९ मध्ये फ्लोरिडाच्या निसर्गेतिहास संग्रहालयास दिला. त्यात २२२ दात जबड्यासह मूळ जागी होते. या नमुन्याच्या आधारे २०१२ मध्ये ग्रेट व्हाइट शार्कच्या वंशावळीची फेरमांडणी झाली व त्या नामशेष जातीस हबेल यांचे नाव देण्यात आले. घरातील कपाटात राहिलेल्या वस्तूची तपासणी इतरांना करता येत नाही. संग्रहालयात ती पुन्हा पुन्हा तपासता येते.

भारतीय किनाऱ्याचा संदर्भ :

म्युलर व हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३९ मध्ये गंगा शार्क आणि पाँडिचेरी शार्क या दोन जातींचे वर्णन केले. गंगा शार्क दीर्घकाळ १९व्या शतकातील मोजक्या नमुन्यांवरूनच ज्ञात होता. नद्यांमध्ये शिरणारा बुल शार्क त्याच्यासारखा दिसत असल्याने दोहोंच्या नोंदींची सरमिसळ झाली. २०१५ मध्ये संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांमधून डीएनए मिळवून केलेल्या अभ्यासाने, नदीतील शार्कच्या वेगळ्या मानल्या गेलेल्या तीन जाती बहुधा एकच असल्याचे आणि ते समुद्रमार्गेही दूरवर जात असल्याचे दाखविले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर २६६ सेंटिमीटर लांबीच्या गंगा शार्क मादीची नोंद झाली. पाँडिचेरी शार्कचे मात्र २० हूनही कमी नमुने उपलब्ध असून १९७९ नंतर खात्रीशीर नमुना मिळालेला नाही.

२००१ मध्ये या दोन्ही जाती, व्हेल शार्क आणि करवत मासे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण मिळाले. पाकटांच्या गटातील करवत माशाची करवत जगभर शोभेची वस्तू म्हणून विकली जाई. २००७ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. १९७५ च्या 'जॉज' या चित्रपटाने शार्कच्या जबड्याला विजयचिन्हाचे जे वलय मिळवून दिले, त्याची किंमत समुद्राने मोजली, हे विसरता येत नाही. दुर्मिळ जातींचे नवे जबडे जमविण्याचे समर्थन आज करता येणार नाही. म्हणूनच जे पूर्वीच जमविले गेले आहेत त्यांचे मोल वाढते.

निष्कर्ष :

१) जतन केलेला जबडा हे लिखित नोंदीची सत्यता तपासणारे स्वतंत्र साधन आहे, हे पोर्ट फेअरीच्या उदाहरणावरून सिद्ध होते.

२) या साधनासही बाह्य व अंतर्गत परीक्षणाचे नियम लागू होतात. स्थळ, तारीख, माशाची लांबी व लिंग यांची नोंद नसलेला जबडा जात सांगू शकतो, पण तो मासा कोठे व केव्हा होता हे सांगू शकत नाही.

३) महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत जुने जबडे व करवती असतील, तर त्यांच्या चिठ्ठ्या, खरेदीच्या नोंदवह्या व देणगीची पत्रे शोधण्याचे काम इतिहास विभागाने सहकार्याने हाती घ्यावे आणि नमुन्यांची कायदेशीर स्थितीही वनविभागाकडून तपासून घ्यावी.

जबडा शतकभर टिकतो. चिठ्ठीवरील शाई तेवढी टिकेलच असे नाही. चिठ्ठी पुसली गेली की किनाऱ्यावरून नाहीशा झालेल्या जातीची अखेरची साक्षही शोभेची वस्तू बनते. ती वाचविणे इतिहासाच्या अभ्यासकाच्या आवाक्यातील कार्य आहे.