रस्त्याचा फाटा, पाटाचा फाटा

सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यावर उतरलेल्या प्रवाशाला एकच वाट धरावी लागते: जिंतूरची, मंठ्याची किंवा सेलूची. त्याच तालुक्यात निम्न दुधना धरणाचा कालवा आहे. पाटाला फाटा फुटला की पाणी दोन्हीकडे एकाच वेळी वाहतं. 'फाटणे'वरून आलेला एकच शब्द आपल्याला दोन्हींसाठी पुरतो. अनेकांनी मिळून सॉफ्टवेअर घडवायचं तर मात्र हा भेद नेमका सांगावा लागतो. त्यासाठी घडलेल्या भाषांची ही कुळकथा.

१९६२ साली जर्मनीत कार्ल आडाम पेट्री यांनी एकाच वेळी चालणाऱ्या घटना गणिती रीतीनं मांडणारा प्रबंध लिहिला. त्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या 'पेट्री जाळ्या'त टिकल्या एका घरातून दुसऱ्या घरात सरकतात. लागणाऱ्या प्रत्येक घरात टिकली आल्याशिवाय पुढची घटना घडत नाही.

१९६३ साली अमेरिकेत मेल्विन कॉनवे यांनी संगणकासाठी दोन आज्ञा मांडल्या: फोर्क आणि जॉइन. फोर्क म्हणजे पाटाचा फाटा. जॉइन म्हणजे मेळ. किती शाखा परतायच्या आहेत याचा आकडा ठेवायचा, एकेक शाखा आली की एक वजा करायचा आणि शेवटची आली की पुढे निघायचं.

१९८७ साली लिऑन ऑस्टरवाइल यांनी आज्ञावलीचा विचार माणसांच्या कामापर्यंत आणला. सॉफ्टवेअर घडवण्याची प्रक्रिया हेही सॉफ्टवेअरच, तेव्हा तीही आज्ञावलीसारखी लिहिता येते, असं त्यांनी मांडलं. पुढे त्यांच्या गटाच्या लिटल-जिल भाषेत पायऱ्यांचे चार प्रकार आले: एकामागून एक, एकाच वेळी, यातलं एक निवडा, आणि जमेपर्यंत एकेक करून पाहा. पहिल्यांदाच वाचताना मला तिसऱ्यात देवगाव फाटा दिसला आणि दुसऱ्यात दुधनेचा पाट.

आपल्याकडे पुण्यात, १९८१ साली सुरू झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात मास्टरक्राफ्ट हे सॉफ्टवेअर बनवण्याचं साधन घडलं. आराखडा नेमक्या भाषेत मांडायचा आणि त्यातून आज्ञावली यंत्रानं काढायची, ही त्याची रीत.

"कामाला फाटे फोडू नकोस," असं घरची मोठी माणसं बजावतात. मोठ्या कामाला फाटे फोडावेच लागतात. अडतं ते मेळाशी. आपला भाग संपवून बसलेला माणूस नेमकी कुणाची वाट पाहतोय, हे कुणी ठरवलेलंच नसतं. कॉनवे यांचा तो आकडा फाटा फोडतानाच लिहिता येतो. माणसांच्या कामातही तो तेव्हाच लिहावा.