मेघ संगणन (व्यवसाय)

मेघ संगणन किंवा क्लाउड कम्प्युटिंग म्हणजे सर्व्हर, साठवणूक, डेटाबेस, नेटवर्क आणि आज्ञावली (सॉफ्टवेअर) ही संगणकीय साधने स्वतः विकत न घेता इंटरनेटद्वारे, गरजेपुरती, भाड्याने वापरण्याची पद्धत होय. प्रत्यक्ष यंत्रे सेवा पुरवठादाराच्या विदा केंद्रात (डेटा सेंटरमध्ये) असतात. ग्राहक व्यवसाय वापराच्या प्रमाणात शुल्क भरतो. यामुळे संगणकीय सुविधेवरील खर्च एकरकमी भांडवली न राहता नियमित चालू खर्च बनतो.

या पद्धतीमुळे लहान व्यापारी, सहकारी संस्था व लघुउद्योग यांना पूर्वी केवळ मोठ्या कंपन्यांना परवडणाऱ्या सुविधा उपलब्ध झाल्या आहेत. त्याच वेळी त्यांचे दैनंदिन कामकाज इंटरनेट जोडणी, वीजपुरवठा आणि दूरच्या पुरवठादाराची विश्वासार्हता यांवर अवलंबून राहू लागले आहे. यंत्रे पुरवठादाराची असली, तरी त्यांत ठेवलेल्या विदेची (डेटाची) कायदेशीर जबाबदारी बहुतांशी व्यवसायाकडेच राहते. विदर्भातील बुलढाण्यासारख्या कृषिप्रधान जिल्ह्यांत या तंत्रज्ञानाचा सर्वात व्यापक प्रसार सहकार क्षेत्राच्या संगणकीकरणातून होत आहे.

संकल्पना

मेघ संगणनाची तुलना सार्वजनिक गोदामाशी केली जाते. सोयाबीन किंवा कापूस साठविण्यासाठी प्रत्येक शेतकरी स्वतःचे गोदाम बांधत नाही. तो वखारीत जागा घेतो, पावती घेतो आणि जितके दिवस माल राहील तितके भाडे देतो. या तुलनेला मर्यादाही आहे. वखारीत माल नुसता पडून असतो, तर मेघ संगणनात साठविलेल्या विदेवर तेथेच प्रक्रियाही होते.

या सेवेचा तांत्रिक आधार म्हणजे आभासीकरण. एका शक्तिशाली सर्व्हरचे आज्ञावलीच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र आभासी संगणकांत विभाजन करता येते. प्रत्येक ग्राहकाला आपला संगणक वेगळा असल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात मात्र एकच यंत्र अनेकांमध्ये वाटले गेलेले असते. सर्व ग्राहकांची कमाल गरज एकाच वेळी उद्भवत नसल्याने पुरवठादाराला ही साधने किफायतशीरपणे भाड्याने देता येतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने (निस्ट) सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली व्याख्या सर्वमान्य समजली जाते. तीत पाच आवश्यक वैशिष्ट्ये सांगितली आहेत: मागणीनुसार स्वयंसेवा, नेटवर्कवरून सर्वत्र उपलब्धता, साधनांचे सामायिकीकरण, क्षमतेचा जलद विस्तार व संकोच, आणि वापराचे मोजमाप.

इतिहास

संगणकीय क्षमता वीज किंवा पाण्याप्रमाणे सार्वजनिक सेवा म्हणून विकता येईल, असा विचार संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये मांडला होता. त्या काळी संगणक अतिशय महाग असल्याने एका यंत्राचा वेळ अनेक वापरकर्त्यांत वाटून देण्याची पद्धत विकसित होत होती. इंटरनेटच्या प्रसारानंतर १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्स या कंपनीने व्यवसायोपयोगी आज्ञावली ब्राउझरमधून भाड्याने देण्यास सुरुवात केली.

ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये साठवणुकीची (एस३) आणि ऑगस्ट २००६ मध्ये आभासी सर्व्हरची (ईसी२) सेवा सुरू केली. आधुनिक मेघ संगणनाचा प्रारंभ सामान्यतः येथून मानला जातो. त्यानंतर गूगलचे ॲप इंजिन (२००८) आणि मायक्रोसॉफ्टचे ॲझ्युर (२०१०) या सेवा आल्या. भारत सरकारने शासकीय विभागांसाठी 'मेघराज' हा उपक्रम फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू केला.

सेवांचे प्रकार

ग्राहक कोणती जबाबदारी स्वतःकडे ठेवतो, यावरून सेवांचे तीन मुख्य प्रकार पडतात.

पायाभूत सुविधा सेवा (आयएएएस): पुरवठादार आभासी सर्व्हर, साठवणूक व नेटवर्क देतो. संचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम), आज्ञावली आणि तिची सुरक्षितता ग्राहकाने सांभाळायची असते. दुकानातील संगणकावर चालणारी टॅलीसारखी लेखा आज्ञावली भाड्याच्या सर्व्हरवर बसवून ती दुकान, गोदाम आणि लेखापालाचे कार्यालय अशा तिन्ही ठिकाणांहून वापरणे, हे याचे परिचित उदाहरण आहे.

मंच सेवा (पीएएएस): आज्ञावली तयार करण्यासाठी व चालविण्यासाठी लागणारे सज्ज वातावरण यात मिळते. ही सेवा मुख्यतः आज्ञावली विकसकांसाठी असते.

आज्ञावली सेवा (सास): तयार आज्ञावली ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर थेट वापरता येते. ईमेल, देयके (बिले) तयार करणे, साठ्याची नोंद व वेतनपत्रके यांसाठी लघुउद्योग बहुधा हाच प्रकार निवडतात, कारण त्यासाठी स्वतंत्र तंत्रज्ञ नेमावा लागत नाही.

मालकी व वापराच्या दृष्टीने मेघाचे सार्वजनिक, खासगी, सामुदायिक आणि संमिश्र असे चार प्रकार मानले जातात. समान गरजा व समान नियम असलेल्या संस्थांनी मिळून वापरलेला सामुदायिक मेघ सहकारी बँकांसाठी महत्त्वाचा ठरला आहे.

महाराष्ट्रातील पायाभूत सुविधा

समुद्राखालील केबलची केंद्रे आणि वित्तीय संस्था यांमुळे मुंबई व नवी मुंबई हा परिसर देशातील विदा केंद्रांचे प्रमुख ठिकाण बनला आहे. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथून ॲझ्युर सेवा सुरू केली. ॲमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये, तर गूगलचा मुंबई विभाग नोव्हेंबर २०१७ मध्ये कार्यान्वित झाला. त्यामुळे विदा देशातच ठेवून या कंपन्यांच्या सेवा वापरणे भारतीय ग्राहकांना शक्य झाले.

२००५ मध्ये स्थापन झालेली ईएसडीएस ही नाशिकस्थित कंपनी राज्यातील स्थानिक पुरवठादारांपैकी एक असून, सहकारी बँकांना सेवा देणाऱ्या कंपन्यांत तिचा समावेश होतो. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक मेघ धोरण जाहीर केले. असे धोरण आणणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले.

बुलढाणा जिल्ह्यातील संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ असून तिचा सुमारे पाचवा हिस्साच शहरी आहे. जिल्ह्यात १३ तालुके आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे त्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग पडतात. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा व मका ही प्रमुख पिके असून, कापूस व चांदीच्या व्यापारासाठी खामगाव प्रसिद्ध आहे.

शेतमालावर आधारित व्यवसाय हंगामी असतात. कापसाची आवक दिवाळीच्या सुमारास वाढू लागते आणि उन्हाळ्यात ओसरते. जिनिंग कारखाना किंवा अडत दुकान यांच्या नोंदी, काटापट्ट्या (वजनाच्या नोंदी) व देयके यांचे प्रमाणही त्यानुसार बदलते. स्वतःचा सर्व्हर घेताना हंगामातील कमाल भार धरून खरेदी करावी लागते आणि उरलेले महिने ती क्षमता पडून राहते. मेघ सेवेत ती हंगामापुरती वाढविता येते. मात्र वार्षिक दराने घेतलेल्या सेवांना हा लाभ लागू होत नाही.

गावपातळीवरील प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजेच ग्रामीण भागात 'सोसायटी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विविध कार्यकारी सहकारी संस्था, पीककर्जाच्या वाटपातील शेवटचा दुवा आहेत. त्यांच्या संगणकीकरणासाठी केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये २,५१६ कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली. देशातील ६३,००० कार्यरत संस्था एकाच मेघाधारित आज्ञावलीवर आणणे हे तिचे मूळ उद्दिष्ट होते आणि तिच्या अंमलबजावणीत नाबार्डची मध्यवर्ती भूमिका आहे. हस्तलिखित कीर्द-खतावण्यांच्या जागी समान लेखापद्धती आणणे आणि संस्था, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक व राज्य सहकारी बँक यांच्या नोंदी जोडणे हा तिचा गाभा आहे. सभासद शेतकऱ्याच्या दृष्टीने कर्ज, परतफेड व व्याज यांची नोंद अचूक आणि वेळेवर होणे, हे या बदलाचे खरे महत्त्व आहे.

बुलढाणा शहरात मुख्यालय असलेली आणि १९८६ मध्ये स्थापन झालेली बुलडाणा अर्बन ही बहुराज्यीय सहकारी पतसंस्था जिल्ह्यातील सहकाराचे सर्वात मोठे उदाहरण आहे. शेतमाल गोदामात ठेवून त्यावर तारण कर्ज देण्यासाठी ती ओळखली जाते. अशा अनेक शाखांच्या संस्थेत सर्व शाखांची खाती एकाच ठिकाणी अद्ययावत असणे आवश्यक असते. मध्यवर्ती संगणन, मग ते स्वतःच्या विदा केंद्रातील असो वा भाड्याच्या, याच गरजेतून आले आहे. शेगाव येथील श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९८३) हे जिल्ह्यातील तांत्रिक शिक्षणाचे प्रमुख केंद्र आहे.

खर्चाची रचना

स्वतःच्या सर्व्हरच्या खर्चात यंत्राच्या किमतीबरोबरच वातानुकूलन, इन्व्हर्टर वा जनित्र, दुरुस्ती आणि काही वर्षांनी करावी लागणारी पुनर्खरेदी यांचा समावेश होतो. मेघ सेवेत हे खर्च शुल्कातच समाविष्ट असतात. मात्र साठवणूक, प्रक्रिया, प्रती (बॅकअप) आणि विदा बाहेर नेणे यांवर वेगवेगळी आकारणी होऊ शकते. वापराविना चालू राहिलेल्या आभासी सर्व्हरचेही शुल्क लागते.

वर्षभर स्थिर व मोठा भार असलेल्या व्यवसायाला मेघ सेवा स्वस्त पडेलच असे नाही. अमेरिकेतील ३७सिग्नल्स या आज्ञावली कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये याच कारणास्तव सार्वजनिक मेघ सोडून स्वतःच्या सर्व्हरकडे परतण्याचा निर्णय जाहीर केला.

मर्यादा व जोखीम

जोडणी व वीज: इंटरनेट खंडित झाल्यास पुरवठादाराची यंत्रणा सुरळीत असूनही काम थांबते. बुलढाणा ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे ४०० किलोमीटर असून प्रकाशतंतूतून (ऑप्टिकल फायबरमधून) संदेश जाण्यास काही सहस्रांश सेकंदच लागतात. त्यामुळे अडचण बहुधा अंतराची नसून जोडणीच्या सातत्याची व वेगाची असते. प्रतिसेकंद १० मेगाबिट वेगाने १०० गिगाबाइट विदा पाठविण्यास २२ तासांहून अधिक वेळ लागतो. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू पोहोचविण्यासाठी केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केलेला प्रकल्प पुढे भारतनेट या नावाने ओळखला जाऊ लागला. जोडणी नसतानाही नोंद घेऊन ती नंतर जुळविणाऱ्या आज्ञावल्या ग्रामीण भागात अधिक उपयुक्त ठरतात.

उपलब्धतेची हमी: करारात ९९.९ टक्के उपलब्धता नमूद असली, तरी वर्षाला सुमारे पावणेनऊ तासांचा खंड त्या मर्यादेत बसतो. हमीचा भंग झाल्यास बहुधा शुल्कात सवलत मिळते. व्यवसायाच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई सहसा मिळत नाही.

विदेचा नाश: १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या विदा केंद्राला आग लागून एक इमारत पूर्णपणे नष्ट झाली. ज्यांनी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवली नव्हती, अशा काही ग्राहकांची विदा कायमची गेली. मेघात ठेवलेल्या विदेचीही स्वतंत्र प्रत आवश्यक असते, हे या घटनेने अधोरेखित केले.

सामायिक पुरवठादार: ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या कंपनीची यंत्रणा खंडणीखोर आज्ञावलीच्या (रॅन्समवेअरच्या) संभाव्य हल्ल्यामुळे राष्ट्रीय देयक महामंडळाने देयक व्यवस्थेपासून तात्पुरती वेगळी केली. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांच्या देयक सेवा त्यामुळे खंडित झाल्या. अनेक लहान संस्था एकाच पुरवठादारावर अवलंबून असल्यास एका ठिकाणचा बिघाड सर्वांवर परिणाम करतो.

पुरवठादार बदलणे: विदा विशिष्ट स्वरूपातच साठविली जात असल्यास ती दुसरीकडे नेणे कठीण व खर्चिक होते. म्हणून करार करतानाच विदा कोणत्या स्वरूपात, किती मुदतीत आणि किती शुल्कात परत मिळेल, हे ठरविणे महत्त्वाचे मानले जाते.

जबाबदारीची विभागणी: विदा केंद्र व यंत्रे यांची सुरक्षितता पुरवठादाराकडे असते. परवलीचे शब्द (पासवर्ड), कर्मचाऱ्यांचे अधिकार आणि नोकरी सोडून गेलेल्यांचा प्रवेश बंद करणे या बाबी ग्राहकाच्या राहतात. एकच पासवर्ड संपूर्ण कार्यालयाने वापरल्यास कोणत्याही पुरवठादाराची सुरक्षा अपुरी ठरते.

कायदेशीर तरतुदी

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार ज्या व्यवसायाने आपल्या हेतूसाठी वैयक्तिक विदा गोळा केली, तोच तिच्या संरक्षणास जबाबदार असतो. प्रक्रिया त्रयस्थ पुरवठादाराकडे सोपविली तरी ही जबाबदारी संपत नाही. वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार विहित प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे. कंपनी कायद्याखालील लेखा नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवावी लागते. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. त्यामुळे सेवा बंद केली, तरी जुन्या नोंदी उपलब्ध राहतील अशी व्यवस्था करणे व्यवसायाला आवश्यक असते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याबाबत निर्देश जारी केले असून त्यांत मेघ सेवांचाही विचार केलेला आहे.

हे सुद्धा पहा

विदा केंद्र
आभासीकरण
मेघराज
प्राथमिक कृषी पतसंस्था
भारतनेट
बुलढाणा जिल्हा