तोंडात काही दिसत नाही, तरी कॅन्सरची सुरुवात झालेली असू शकते

"मी इतकी वर्षं तंबाखू खातो, मला कुठं काय झालं?" हे वाक्य पारावर रोज ऐकू येतं. पण पानावर डाग दिसायच्या आधीच करपा आत शिरलेला असतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तोंडाचंही तसंच आहे.

तंबाखू, गुटखा, मिश्री रोज जिथं लागते, तिथल्या पेशींच्या जनुकांत हळूहळू बिघाड साठतो. बिघडलेल्या पेशी आजूबाजूला पसरतात, पण वरून कातडी चांगलीच दिसते. दुखतही नाही. १९५३ मध्ये अमेरिकेतील डॉ. स्लॉटर व सहकाऱ्यांनी तोंडातील गाठीभोवतीची चांगली दिसणारी जागा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. तिथल्या पेशीही बदललेल्या निघाल्या. म्हणजे एक रोप नाही, तर वावरच बाधित. म्हणूनच गाठ काढल्यावरही त्याच तोंडात दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते. ऑपरेशननंतरची तपासणी चुकवू नका.

प्रत्येक बिघडलेल्या पेशीचा कॅन्सर होतोच असं नाही. तंबाखू सोडली की धोका वर्षागणिक कमी होत जातो.

हे दिसलं तर थांबू नका :
– दोन आठवड्यांत न भरणारी जखम
– पांढरा किंवा लाल चट्टा
– तोंड कमी उघडणे, तीन बोटं आत न जाणे
– गळ्याला गाठ

तिशीनंतर तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. दुखायची वाट पाहू नका.