दिफ्यूझिआँ, विसरण आणि निळं आकाश

आकाश निळं का, हे समजावणारा कुठलाही फ्रेंच मजकूर घ्या, थोड्याच ओळींत एक शब्द भेटतो : ‘दिफ्यूझिआँ’. सूर्यप्रकाश हवेतून येतो, हवेचे रेणू त्यातल्या निळ्या भागाची ‘दिफ्यूझिआँ’ तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त करतात, म्हणून वर निळं दिसतं. इंग्रजी जाणणाऱ्या मराठी अनुवादकाला हा शब्द ओळखीचा वाटतो. ‘डिफ्यूजन’ म्हणजे विसरण, हे शाळेपासून पाठ असतं. हात आपोआप ‘प्रकाशाचे विसरण’ असं लिहून जातो आणि वाक्यातलं भौतिकशास्त्र बिघडतं.

शब्द मूळचा लॅटिन. ‘फुंदेरे’ म्हणजे ओतणे. त्याला उपसर्ग लागून झालेलं ‘दिफ्फुंदेरे’ म्हणजे चहूकडे ओतून देणे. फ्रेंचने ही ओतण्याची कल्पना फार लांबवर नेली. रेडिओवरचा कार्यक्रम घरोघर पोचतो ती दिफ्यूझिआँ, पुस्तक दुकानोदुकानी जातं ती दिफ्यूझिआँ, खोलीत वास पसरतो ती दिफ्यूझिआँ आणि रेणूवर आदळून प्रकाश दिशा बदलतो तीही दिफ्यूझिआँच. इंग्रजीने यातल्या शेवटच्या अर्थाला ‘स्कॅटरिंग’ हा वेगळा शब्द दिला. फ्रेंच वाचकाचं एका शब्दात भागतं, कारण कोणती दिफ्यूझिआँ ते त्याला संदर्भ सांगतो. मराठीत मात्र निवड करावीच लागते.

खोलीच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावली की गंधाचे कण दाटीकडून विरळाईकडे सरकत सगळीकडे पोचतात. हे विसरण. त्यातला संस्कृत धातू ‘सृ’, म्हणजे सरणे, वाहत जाणे. प्रसार, प्रसारण, तापल्यावर होणारं प्रसरण, सगळी याच धातूची कुळं. (मराठीतलं रोजचं ‘विसरणे’ वेगळ्या घरचं, ते ‘विस्मृ’वरून आलेलं.) आकाशात असं काही सरकत जात नाही. प्रकाशाची लाट नायट्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या रेणूवरून जाताना त्यातल्या इलेक्ट्रॉनांना हेलकावे देते आणि हेलकावणारे इलेक्ट्रॉन त्याच रंगाचा प्रकाश निरनिराळ्या दिशांना फेकतात. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये दाखवलं, की हे फेकलं जाणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्याच्या सुमारे सहापट फेकला जातो. जांभळा तर त्याहूनही जास्त, पण सूर्यप्रकाशात तो कमी असतो आणि आपले डोळेही त्याला कमी दाद देतात.

या क्रियेला मराठी विश्वकोशाने ‘प्रकीर्णन’ म्हटलं आहे आणि माझं मत ठामपणे त्याच्या बाजूचं आहे. इथे धातू ‘कॄ’, म्हणजे फेकणे, विखुरणे. प्रकीर्ण लेख, संकीर्ण खर्च या शब्दांत तो आपल्या रोजच्या वापरात आहेच. पण खरा आनंद पुढे आहे. ‘किरण’ हा शब्दही व्याकरणकार याच ‘कॄ’पासून साधतात : जो विखुरला जातो तो किरण. प्रकीर्णन हा शब्द घडवताना घडवणाऱ्याच्या मनात हे होतं की नाही, याला महत्त्व नाही. शब्द प्रकाशाच्या घरातलाच निघाला. शालेय पुस्तकांत ‘विकिरण’ही दिसतो. धातू तोच, पण हिंदीत विकिरण म्हणजे आपलं प्रारण, म्हणून तो टाळलेला बरा. आणि क्रियापद हवं असेल तर ‘प्रकीर्णन करतात’ असं जड बांधकाम कशाला? विखुरणे आहे. फुलं विखुरतात आणि आपण दाणेही विखुरतो, म्हणजे ते दोन्हीकडे चालतं. ‘हवेचे रेणू निळा प्रकाश चहूकडे विखुरतात’ हे वाक्य फ्रेंचइतकंच मोकळं आहे.

शब्दांची ही ओढाताण एकट्या मराठीची नाही. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ जहाजाने परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग नुसतं आकाशाचं प्रतिबिंब आहे हे त्यांना पटेना. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत असले पाहिजेत, असं सांगणारं त्यांचं ‘नेचर’ला पाठवलेलं पत्र मुंबई बंदरातून लिहिलेलं आहे. पुढच्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठाने त्यांचं या विषयावरचं पुस्तक काढलं. त्याच्या नावात शब्द आहे ‘डिफ्रॅक्शन’, म्हणजे आज आपण ज्याला विवर्तन म्हणतो तो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जाँ काबान यांचा त्याच विषयावरचा ग्रंथ १९२९ मध्ये पॅरिसला निघाला, त्याच्या नावात ‘दिफ्यूझिआँ’. रामन परिणामालाही फ्रेंचमध्ये ‘दिफ्यूझिआँ रामन’ म्हणतात. रेणूंनी प्रकाश विखुरण्याची क्रिया एकच, पण त्या काळी नावं अजून स्थिरावत होती.

‘स्येल’ या फ्रेंच शब्दाचं काय करायचं, हा दुसरा प्रश्न. त्यात आकाशही आहे आणि देवाचा स्वर्गही. इथे आकाशच हवं, आभाळ नको. ‘आभाळ’ आलं ‘अभ्र’वरून, म्हणजे ढगावरून. अजूनही ‘आभाळ आलंय’ म्हटलं की कोणी निळाईकडे बघत नाही, वाळवण आत घेतलं जातं. उलट ‘आकाश’ आणि ‘प्रकाश’ दोन्ही ‘काश्’ या एकाच धातूचे, चकाकणे, दिसणे या अर्थाचे. निळाईचं कारण सांगायला याहून जवळचा शब्द मिळणार नाही.

अशा मजकुरात बहुधा ढगांचाही परिच्छेद येतो आणि तिथे पुन्हा ‘दिफ्यूझिआँ’च असते. ढगातले थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहून बरेच मोठे, त्यामुळे ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात आणि ढग पांढरा दिसतो. एका थेंबापाशी जे घडतं ते प्रकीर्णनच. पण दाट ढगात प्रकाश या थेंबावरून त्या थेंबावर असा असंख्य वेळा वळतो, मूळची दिशा पार हरवते आणि शेवटी तो गंधासारखाच दाटीकडून विरळाईकडे झिरपत खाली येतो. त्याचं गणितही वासाच्या पसरण्याचंच लावतात. म्हणून आकाशाच्या परिच्छेदात खोडलेलं ‘विसरण’ मी ढगाच्या परिच्छेदात पुन्हा लिहीन, आणि पावसाळी दुपारच्या त्या बिनसावलीच्या उजेडाला ‘विसरित प्रकाश’ म्हणेन.